गणिताची पदवी आणि लाभदायक ज्ञानाचा प्रश्न



प्रेषित मुहम्मद (स.) ज्या गोष्टींपासून अल्लाहचा आश्रय मागत असत, त्यांत लाभ न देणारे ज्ञानही होते. ही हदीस मिंबरवरून मी स्वतः कितीतरी वेळा सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्यांनी मान डोलावली आहे. परंतु लाभ कशाला म्हणावे, तो कोणाचा आणि किती दिवसांत दिसावा, असे आजवर कोणी विचारले नव्हते. मलाही ते सुचले नव्हते. गेल्या जूनमध्ये असरच्या नमाजनंतर एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन नांदेडच्या आमच्या मशिदीच्या ओसरीवर आले, तेव्हा या प्रश्नाला मला प्रथमच सामोरे जावे लागले.

गृहस्थ अहमदपूरचे. त्यांचे वेल्डिंगचे लहानसे दुकान आहे. मुलगी हुशार; अकरावी-बारावीला तिने जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवले होते. दोन वर्षे आणि नंतर पुन्हा एक वर्ष ती लातूरला खोली करून राहिली, नीटची परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा प्रवेश थोडक्यात हुकला. आता तिसऱ्यांदा शिकवणीचे पैसे भरायचे, असे वडिलांनी ठरवले होते. मुलगी म्हणत होती की आता नीट पुरे. नांदेडला मावशीकडे राहून बी.एस्सी. करीन आणि गणित विषय घेईन. मावशीचे घर आमच्याच मोहल्ल्यात, म्हणून ही मंडळी माझ्याकडे आली. बोलणे अर्थातच घरच्या दखनीत झाले. मी ते मराठीत लिहीत आहे.

"मौलाना, गणितानं कुणाचं पोट भरलंय?" वडील म्हणाले. "डॉक्टर झाली तर लोकांची सेवा होईल, सवाबही मिळेल. आकडेमोड करून कुणाचं भलं होणार? तुम्ही समजावा तिला. तुमचं ऐकेल ती."

मुलगी खाली मान घालून बसली होती. ती एवढेच म्हणाली, "मौलाना साहेब, मी हट्ट करत नाही. अब्बा म्हणतात ते ज्ञान आणि मी म्हणते ते नाही, असं दीनमध्ये लिहिलंय का, एवढंच सांगा."

वाचकहो, मी त्याच वेळी उत्तर दिले नाही. त्याचे कारण आपणांपासून लपवण्यात अर्थ नाही. चार वर्षांपूर्वी याच ओसरीवर एक मुलगा असाच वडिलांबरोबर आला होता. त्याला गणितच शिकायचे होते. मी त्याला आईवडिलांच्या आज्ञेचे महत्त्व सांगितले, दुआ दिली आणि पुन्हा लातूरला पाठवले. त्याने आणखी दोन वर्षे दिली. आज तो हैदराबादमध्ये मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. ते काम हलालच आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण ईदला भेटला की तो सलाम करतो आणि थांबत नाही. मी त्या दिवशी जे बोललो ते खोटे नव्हते, परंतु ते विचार करून बोललेले नव्हते. म्हणून या वेळी मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि माझी जुनी पुस्तके काढून बसलो. त्या दोन दिवसांत आणि नंतरही जे मनात आले, ते येथे मांडत आहे. मी मुफ्ती नाही आणि हा फतवाही नव्हे.

इमाम गझाली (रह.) यांचा 'इह्या उलूमिद्दीन' हा ग्रंथ ज्ञानाच्या विवेचनानेच सुरू होतो. तेथे त्यांनी ज्ञानाचे दोन फर्ज सांगितले आहेत. एक प्रत्येकावर व्यक्तिशः असलेला, फर्ज-ए-ऐन. दुसरा फर्ज-ए-किफाया, म्हणजे सामूहिक कर्तव्य. ते वस्तीतील पुरेशा लोकांनी पार पाडले तर बाकीचे मोकळे होतात आणि कोणीच पार पाडले नाही तर सारी वस्ती जबाबदार ठरते. धार्मिक विद्यांखेरीज ज्या विद्या या दुसऱ्या प्रकारात येतात, त्यांची ठळक उदाहरणे देताना इमाम साहेबांनी दोन विद्या घेतल्या आहेत. पहिली वैद्यक, कारण देह टिकला पाहिजे. दुसरी हिशेबाची विद्या, कारण व्यवहार, वसीयत आणि वारशाची वाटणी तिच्यावाचून होत नाही.

मी हे पान यापूर्वीही वाचले होते. पण वैद्यक आणि गणित या ठिकाणी शेजारी-शेजारी बसले आहेत, हे माझ्या लक्षात आले नव्हते. आमच्या गृहस्थांनी ज्या दोन गोष्टींत सवाबाची आणि निरर्थकतेची भिंत उभी केली होती, त्या गझालींच्या दृष्टीने एकाच ओळीतल्या होत्या.

परंतु न्यायाने पुढची ओळही सांगितली पाहिजे. हिशेबाच्या सूक्ष्म तपशिलांत खोल शिरणे, ज्याच्यावाचून व्यवहार अडत नाही तेथपर्यंत जाणे, याला गझाली फर्ज म्हणत नाहीत. त्याला ते फजीलत म्हणतात, म्हणजे गुणवृद्धी. असेल तर उत्तम. नसेल तर गुन्हा नाही. आणि पदवीचे गणित ते हेच. बेरीज, वजाबाकी, टक्केवारी शाळेत संपते. बी.एस्सी.च्या वर्गात जे शिकवतात, ते ॲनालिसिस, ते अमूर्त बीजगणित, बाजारात कोणी मागत नाही. तेव्हा वडिलांच्या शंकेत तथ्य नव्हतेच, असे मी म्हणणार नाही.

मग गझालींची एक तक्रार वाचा. त्यांच्या काळी, म्हणजे हिजरी पाचव्या शतकाच्या अखेरीस, कितीतरी शहरांत मुसलमान वैद्य सापडत नसे. मात्र फिक्हच्या वर्गात, विशेषतः वादविवादाच्या आणि मतभेदांच्या शास्त्रात, झुंबड उडालेली असे. ते विचारतात की ज्या सामूहिक कर्तव्याला पुरेशी माणसे मिळाली आहेत तेथेच सगळे का धावतात आणि जे ओस पडले आहे तिकडे कोणी का फिरकत नाही? उत्तरही तेच देतात : फिक्हमुळे काझीपद मिळते, वक्फची व्यवस्था हाती येते, दरबारात बसायला जागा मिळते, वैद्यकात त्यातले काही नाही. सवाबाचे नाव घेऊन लोक पदाच्या मागे धावत होते, असा त्यांचा रोख आहे. आणि हे लिहिणारा माणूस स्वतः बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य आसनावर बसलेला फकीह होता, हे विसरू नये.

आता या तक्रारीतील विषयांची नावे बदला आणि लातूरच्या शिकवणीच्या भागातून संध्याकाळी एकदा फिरून या. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद विज्ञान महाविद्यालय यांच्या परिश्रमांतून जो 'लातूर पॅटर्न' उभा राहिला, तो मुळात मागासलेल्या मराठवाड्याचा स्वाभिमान होता. पुण्या-मुंबईच्या मुलांची मक्तेदारी असलेल्या बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आमच्या शेतकऱ्यांची मुले आली, ती जादा तासांच्या आणि पुन्हा पुन्हा घेतलेल्या सराव परीक्षांच्या बळावर. त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण आज त्या रस्त्यावर दुतर्फा जे फलक आहेत त्यांवर बहुतेक एकाच परीक्षेचे नाव आहे. त्या परीक्षेत ७२० गुण आहेत आणि त्यांतला एकही गणिताचा नाही. म्हणून दहावीला गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी मुलेही अकरावीला गणित सोडून देतात. ते ठेवले तर वेळ वाया जातो, असा सल्ला त्यांना मिळतो. बी ग्रुप म्हणजे भवितव्य आणि गणित म्हणजे ओझे, हे समीकरण घराघरात पाठ झाले आहे.

डॉक्टरांची गरज संपली आहे, असे मी म्हणत नाही. कंधार-मुखेडच्या वाड्या-तांड्यांवर बाळंतिणीला आजही वेळेवर डॉक्टर मिळेलच असे नाही. परंतु लातूरच्या रांगेत उभ्या असलेल्या किती मुलांच्या मनात मुखेड आहे? दुसरीकडे, आमच्या मोहल्ल्यातील आठवी-नववीच्या मुलांना विचारा. एका शाळेत गणिताचा तास वर्षभर दुसऱ्याच विषयाचे शिक्षक घेत होते. ते सज्जन आहेत, मेहनती आहेत, पण उदाहरण अडले की फळा पुसून पुढचे घेत. तेथून ज्या मुली गणिताला भिऊन बाहेर पडतात, त्या पुढे शिकल्या तरी अर्धे जग त्यांना बंद होते. ही उणीव भरून काढणे आपल्या वस्तीवरचे सामूहिक कर्तव्य नाही काय? आणि शाळेतले गणित नीट शिकवायचे असेल तर शिकवणाऱ्याला त्याच्या पलीकडचे थोडे तरी आले पाहिजे. जो शिक्षक पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंतच गेला आहे, त्याला मुलाचा 'का' पेलत नाही. असे पाहिले म्हणजे फजीलत आणि फर्ज यांच्यातील रेघ पुसट होऊ लागते.

ही रेघ मला एका घरगुती उदाहरणाने कळली. नांदेडहून मक्का कोणत्या दिशेला? सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर ते जवळजवळ सरळ पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेले दिसते. आपण त्या दिशेने उभे राहतो आणि नमाज अदा होते. थोड्या फरकाने ती बाधित होत नाही, हे सर्व उलेमा सांगतात. फर्ज तेवढाच आहे. पण पृथ्वी गोल आहे हे लक्षात घेऊन हिशेब मांडला तर उत्तर वेगळे येते : पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे १० अंश, लातूरहून सुमारे ११. त्यासाठी गोलावरच्या त्रिकोणांचे गणित लागते. अल-बिरूनीने गझनी शहराचा किब्ला ठरवण्यासाठी शहरांचे अक्षांश-रेखांश काढण्यावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. गझनीच्या लोकांची नमाज त्याच्यावाचून अडली नव्हती. तरी त्याने तो लिहिला, आणि आज आपण खिशातल्या मोबाइलमध्ये किब्ला पाहतो तो अशाच फजीलतींच्या जोरावर.

आता जरा वेगळ्या गोष्टीकडे वळतो, कारण तिच्यामुळे मला या विषयाचा खरा स्वाद मिळाला. मदरशात आम्ही 'सिराजी' शिकलो. वारसा-वाटणीच्या शास्त्राचे, म्हणजे इल्म-ए-फराइजचे, ते प्रसिद्ध पाठ्यपुस्तक. जुन्या दर्स-ए-निजामीत याशिवाय 'खुलासतुल हिसाब' आणि उक्लिदसचा पहिला मकाला, म्हणजे भूमितीचा पहिला भाग, हेही शिकवले जात. आता बहुतेक ठिकाणी ते गळून गेले आहेत. (मदरशात गणित आणा असे सांगणारे आणि त्याला विरोध करणारे, दोघांनाही ते एकेकाळी तेथेच होते हे ठाऊक नसते. असो.) सिराजी शिकताना एक जागा अशी येते की जेथे विद्यार्थी दचकतो. कुरआनने वारसांचे हिस्से अपूर्णांकांत ठरवून दिले आहेत. एखादी निपुत्रिक स्त्री वारली. मागे पती आणि दोन सख्ख्या बहिणी. पतीचा हिस्सा अर्धा. दोन बहिणींचा मिळून दोन-तृतीयांश. बेरीज करा : सहा भाग धरले तर तीन आणि चार, सात. मालमत्तेचे भाग सहा आणि वाटायचे सात!

हा प्रसंग हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत उभा राहिला, असे सांगतात. त्यांनी सहाबांशी सल्लामसलत केली आणि निर्णय दिला की मालमत्तेचे सातच भाग करावेत. पतीला तीन, बहिणींना चार. सर्वांचा हिस्सा सारख्या प्रमाणात घटेल. याला 'औल' म्हणतात. हजरत अली (रजि.) यांना खुत्ब्याच्या मध्येच असा प्रश्न विचारला गेला होता : पत्नी, दोन मुली आणि आईवडील. त्यांनी खुत्बा न थांबवता सांगितले की पत्नीचा आठवा हिस्सा आता नववा झाला आहे. चोवीस भागांऐवजी सत्तावीस होतात. त्यांतले तीन पत्नीचे. आपण कागदावर मांडून पाहावे.

या प्रसंगातून मी वर्षानुवर्षे एवढाच अर्थ घेत आलो होतो की दीनला हिशेबाची गरज आहे. तो खराच आहे. अल-ख्वारिज्मीने खलीफा मामूनच्या काळात ज्या 'जब्र'च्या ग्रंथाने बीजगणिताला त्याचे जगभरातील नाव दिले, त्याचा फार मोठा भाग वसीयत आणि वारसा यांच्या उदाहरणांचाच आहे. पण त्या दोन दिवसांत दुसरी गोष्ट दिसली. हजरत इब्न अब्बास (रजि.) यांनी पुढे औलशी मतभेद व्यक्त केला. त्यांच्या मते काही वारसांचा हिस्सा अबाधित राहावा आणि घट इतरांनी सोसावी. आता, तीन आणि चार सात होतात याबद्दल दोघांत वाद नव्हता. गणिताने दोघांना एकच गोष्ट सांगितली : सर्वांना सर्व देता येणार नाही. कोणाचे किती कमी करावे हे गणित सांगत नव्हते. ते न्यायबुद्धीने आणि अल्लाहच्या भयाने ठरवायचे होते.

इमाम गझालींनी आपल्या आत्मकथनपर ग्रंथात गणिताविषयी जे दोन धोके सांगितले, ते येथे आठवतात. एक धोका गणित जाणणाऱ्याचा. त्याच्या विद्येतील नेमकेपणा पाहून लोक, आणि तो स्वतःही, असे मानू लागतो की त्याची प्रत्येक विषयातील मते तितकीच पक्की आहेत. दुसरा धोका दीनच्या अडाणी मित्राचा. त्याला वाटते की दीनचे रक्षण करायचे तर या सर्व विद्या नाकारल्या पाहिजेत. मग तो ग्रहणाचा हिशेबही खोटा म्हणतो, आणि ज्याने तो हिशेब स्वतः करून पाहिला आहे त्याला दीनच अज्ञानावर उभा आहे असे वाटू लागते. गझाली या दुसऱ्या माणसाला मोठा अपराधी मानतात. माझ्या अनुभवात त्याचा एक नवा भाऊ जन्माला आला आहे. तो कुरआनच्या शब्दांची, अक्षरांची मोजणी करून, आकडे जुळवून चमत्कार सिद्ध करणारी पत्रके वाटतो. जुमाच्या नमाजनंतर अशी पत्रके माझ्याही हातात पडतात. ज्याला खरी सिद्धता काय असते हे ठाऊक आहे तो त्यातील जुळवाजुळव दोन मिनिटांत ओळखतो, आणि मग हसतो कोणाला? पत्रक वाटणाऱ्याला नव्हे. म्हणूनही आपल्यात गणित शिकलेली माणसे हवीत.

सिद्धता हा शब्द आला आहे, तर त्या मुलीकडे परत जाऊ. दोन दिवसांनी ती आणि तिचे वडील पुन्हा आले. मी तिला विचारले, "या विषयात तुला एवढं काय आवडतं, ते मला कळेल असं सांग." तिने देणगीच्या पावतीच्या पाठीमागे लिहायला सुरुवात केली. दोन, तीन, पाच, सात, अकरा, ज्यांना दुसरे कोणी भागत नाही अशा मूळ संख्या. त्या कधी संपतात का? समजा, संपतात, आणि त्या सर्वांची यादी आपल्यापुढे आहे. मग यादीतील सर्व संख्यांचा गुणाकार करा आणि त्यात एक मिळवा. जी संख्या आली तिला यादीतल्या कोणत्याही संख्येने भागा. प्रत्येक वेळी बाकी एक उरणार. पण प्रत्येक संख्येला कोणती ना कोणती मूळ संख्या भागतेच. म्हणजे तिला भागणारी मूळ संख्या यादीच्या बाहेरची आहे. यादी पूर्ण नव्हती. कोणतीही यादी कधीच पूर्ण होणार नाही.

"हे उक्लिदसचं आहे," ती म्हणाली, "पण मौलाना साहेब, हे त्यांनी सांगितलं म्हणून मी मानत नाही. ते नसते तरी मला मानावं लागलं असतं."

मदरशात आम्ही तकलीद आणि तहकीक हे दोन शब्द शिकतो. तकलीद म्हणजे जाणकाराच्या शब्दावर विश्वासून चालणे. तहकीक म्हणजे मुळाशी जाऊन खात्री करून घेणे. सामान्य माणसाला बहुतेक गोष्टींत तकलीदच करावी लागते आणि त्यात दोष नाही. डॉक्टरच्या शब्दावर आपण गोळी घेतोच. पण ज्या माणसाने आयुष्यात एकदाही तहकीकची चव घेतली नाही, त्याला आपण केव्हा जाणतो आणि केव्हा केवळ ऐकलेले बोलतो, हे तरी कसे कळणार? इमाम मालिक (रह.) यांना दुरून आलेल्या लोकांनी प्रश्न विचारले, तर कितीतरी प्रश्नांना ते 'मला माहीत नाही' एवढेच म्हणत. हे धैर्य ज्याला ज्ञान आणि अंदाज यांतला फरक कळतो त्यालाच येते. गणिताचा वर्ग हा फरक वीस वर्षांच्या मुलाला रोज शिकवतो. येथे वक्तृत्व चालत नाही, वशिला चालत नाही आणि मोठ्याचा आवाजही चालत नाही.

शिकवतो, असे मी लिहिले खरे. शिकवू शकतो, असे म्हणायला हवे. कारण पदवीच्या परीक्षा जवळ आल्या की सिद्धताही पाठ केल्या जातात, हे त्या क्षेत्रातल्या एका प्राध्यापकांनीच मला खेदाने सांगितले. मागच्या पाच वर्षांचे प्रश्न काढायचे, दहा-बारा सिद्धता घोकायच्या, आणि शेवटी 'म्हणून हे सिद्ध झाले' असे लिहून मोकळे व्हायचे. मी त्यांना म्हणालो, सर, शरीअतमध्ये साक्षीदाराला न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देता येत नाही. ज्याला एक पायरीही समजली नाही त्याने 'सिद्ध झाले' असे लिहावे, ही एक प्रकारे न पाहिल्याची साक्षच नव्हे काय? ते हसले आणि मग गप्प झाले. हा कठोरपणा मी त्या मुलीलाही ऐकवला : लातूरच्या सवयीने नांदेडला गणित करणार असशील तर अब्बांचे पैसे दोन्हीकडे सारखेच बुडतील.

"पण उपयोग काय?" हे वडिलांचे शब्द अजून शिल्लक होते आणि ते हक्काचे होते. मी त्यांना देवळालीच्या एका शाळामास्तरांची गोष्ट सांगितली. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२९ मध्ये त्यांनी बी.एस्सी. केले. त्यापुढे पदवी नाही. देवळालीच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मुलांना शिकवले आणि उरल्या वेळात संख्यांशी मैत्री केली. चार अंकांची कोणतीही संख्या घ्या, सर्व अंक सारखे नसावेत एवढेच. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि वजा करा. ३५२४ घ्या : ५४३२ वजा २३४५, उत्तर ३०८७. पुन्हा तेच : ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहते. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तेथे पोहोचते. या संख्येला आज जगभर कापरेकरांचे नाव आहे. हयातीत मात्र पुष्कळ विद्वानांनी त्यांचे काम पोरखेळ समजले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या एका मासिकात त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा कुठे नाव सर्वदूर झाले.

वडिलांनी दुकानाच्या बिलबुकावर स्वतः दोन संख्या घेऊन पाहिल्या. दुसऱ्या वेळी एक वजाबाकी चुकली, मुलीने दाखवून दिली. "हे खरंच येतंय," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण याने पगार मिळत नाही ना."

नाही मिळत. येथे मी त्यांना गोड बोलून फसवले नाही आणि आपणांसही फसवणार नाही. बी.एस्सी. नंतर बी.एड., मग टीईटी आणि टेट, मग पवित्र पोर्टलवर भरतीची वाट पाहणे. या वाटेवर कितीतरी तरुण वर्षानुवर्षे उभे आहेत. एम.एस्सी. करून महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची मिळकत वेल्डिंगच्या दुकानापेक्षा कमी असू शकते. दुसऱ्या वाटाही आहेत : जॅम परीक्षा देऊन आय.आय.टी.त एम.एस्सी. करता येते, संख्याशास्त्राकडे, विमागणिताकडे, बँकांकडे वळता येते. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यापासून पदव्युत्तर गणितासाठी औरंगाबाद गाठण्याचीही गरज राहिली नाही. विष्णुपुरीच्या परिसरात गणिताचे स्वतंत्र संकुल आहे. पण यातले काहीही खात्रीचे नाही. ज्या घरात उद्याच्या चुलीची चिंता आहे, तेथे कमावणे हाच पहिला फर्ज, आणि फजीलतीसाठी फर्ज सोडता येत नाही. हे मी स्पष्ट सांगितले. या घरात तशी वेळ नव्हती, हेही मीच त्यांना विचारून घेतले होते.

तथापि खात्रीचे तर लातूरलाही काही नव्हते. तिसऱ्या वर्षाची रक्कम जेथे भरली जाणार होती तेथे यशाची हमी कोणी लिहून देत नव्हते. एका अनिश्चित गोष्टीला आपण 'करिअर' म्हणतो आणि दुसरीला 'हट्ट', यात विचार किती आणि शेजाऱ्यांचे तोंड किती, हे प्रत्येक बापाने रात्री एकटे असताना स्वतःला विचारावे. मला स्वतःला लोकांनी विचारले होते की इमाम असून मराठीत बी.ए. कशाला करता? त्या वेळी मजजवळ उत्तर नव्हते. आज मोहल्ल्यातील माणसांचे तहसीलमधले अर्ज मी लिहितो आणि या मासिकाचे पानही लिहितो. पण खरे सांगायचे तर मी हे डोळ्यांसमोर ठेवून प्रवेश घेतला नव्हता. भाषा आवडत होती. 'हिशेब', 'जमा', 'खर्च', 'बाकी' हे अरबी शब्द मराठीच्या वहीत इतके निवांत बसलेले पाहून मला कोण आनंद झाला होता! त्या आनंदाचा हिशेब मी अल्लाहपुढे कसा देईन, याचा विचार अजून करतो. हराम तर तो खचितच नव्हता.

आईवडिलांच्या आज्ञेचा प्रश्न उरतो. चार वर्षांपूर्वी मी त्यावरच सारा भार टाकला होता. आईवडिलांचा हक्क अल्लाहच्या हक्कानंतर लगेच येतो; तो कोणी कमी करू नये. परंतु ज्या दोन मार्गांपैकी एकही पापाचा नाही, तेथे मुलाच्या स्वभावाला न पेलणारा मार्ग त्याच्यावर लादण्यासाठी दीनचे नाव वापरावे, हे आईवडिलांनाही शोभत नाही आणि इमामालाही नाही. मुलीनेही वडिलांनी विकलेल्या दागिन्यांचा, त्यांनी जागून काढलेल्या रात्रींचा विसर पडू देऊ नये. मी तिला म्हणालो, "तुझ्या आणि अब्बांच्या इच्छांची बेरीज एकपेक्षा जास्त येते आहे. औल दोघांनाही करावा लागेल." ती हसली. वडिलांना औल समजावून सांगावा लागला. तो तिनेच सांगितला, पावतीच्या उरलेल्या कोपऱ्यावर, आणि माझ्याहून सोपा करून.

एक गोष्ट तिने मला विचारली, तिचे उत्तर मला आले नाही. त्या दुसऱ्या उदाहरणात आम्ही चोवीसच का धरतो, अठ्ठेचाळीस का नाही? सिराजीतला नियम मला पाठ होता, तो मी म्हणून दाखवला. ती म्हणाली, "हा नियम झाला, मौलाना साहेब. अठ्ठेचाळीस धरले तरी वाटणी तीच येईल. चोवीस फक्त सर्वांत लहान आहेत, म्हणून सोयीचे." मी करून पाहिले. सहा, बत्तीस, आठ आणि आठ, बेरीज चोपन्न, पत्नीचे सहा, म्हणजे पुन्हा नववा हिस्सा. पंधरा वर्षे मी हा नियम इतरांना शिकवत आलो आहे.

वडील मगरिबपर्यंत बसले. जाताना त्यांनी होकार दिला नाही. महाविद्यालयातील प्रवेश अर्जाची शेवटची तारीख कोणती, गणिताच्या वर्गात मुली किती असतात, मावशीच्या घरापासून रिक्षाला किती लागतात, हे विचारले. मग म्हणाले, "मौलाना, बुधवारी दुकान बंद असतं. तुम्ही याल का सोबत? तिथल्या सरांना मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत, आणि मला नीट बोलता येत नाही." मी हो म्हणालो आणि जुहरच्या नमाजसाठी मुअज्जिन साहेबांना सांगून ठेवले.